मंदीतलं बांधकाम

मंदीच्या दिवसांत गवंड्याला कोण बोलावत होतं, असं आताची पोरं मला विचारतात. बोलावत होते की. पण घर बांधायला नव्हे, पैसे लपवायला.

एकतीस-बत्तीस सालचा सुमार असेल. गिरण्यांचे भोंगे आठवड्यातले काही दिवस वाजायचेच नाहीत. ज्वारी इतकी स्वस्त झाली होती की बाजारात आणणाऱ्याचं गाडीभाडं सुटत नव्हतं. सगळं स्वस्त, आणि घ्यायला कुणाकडे पैसा नाही. ज्यांच्याकडे होता ते तो बाहेर काढायला भीत होते. कुठली तरी पेढी बुडाली अशी बातमी आली की दोन दिवसांनी मला कुणाचा तरी हळूच निरोप यायचा. भिंतीत चोरकोनाडा करून हवा असायचा.

नव्या पेठेतल्या एका कापडवाल्या शेटजींनी बायको माहेरी गेल्याची संधी साधून माजघराच्या भिंतीत असा कोनाडा करून घेतला. तोंडाला फळी, वरून गिलावा, त्यावर चुन्याचा हात. शोधून सापडू नये असा. "मिस्त्री, हे तुमच्या-माझ्यात," असं म्हणून त्यांनी मला देवापुढं शपथ घ्यायला लावली. दोन महिन्यांनी शेटजी मुंबईला खरेदीला गेले आणि त्यांच्या बाईंनी मला बोलावलं. त्याच माजघरात, त्याच भिंतीत त्यांनाही कोनाडा हवा होता. मी उगाच इकडे टिचकी मार, तिकडे टिचकी मार असं करत दोन हात बाजूला जागा धरली आणि त्याच देवापुढं पुन्हा शपथ घेतली. पुढं कितीतरी वर्षं ती दोघं त्या भिंतीला पाठ लावून जेवायला बसत आणि एकमेकांना काटकसर शिकवत. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगतो.

अशा कामांवर एकट्या गवंड्याची भाकरी सुटली असती. माझ्यामागं अकरा माणसांची टोळी होती. मिस्त्री म्हणजे काम धरणारा. घरमालकाशी बोलायचं, खर्चाचा अंदाज द्यायचा, माणसं लावायची आणि चुकलं तर शिव्या खायच्या, हे सगळं मिस्त्रीकडे. माझे वडील करकंबला गवंडी होते. मी सोळाव्या वर्षी थापी घेऊन सोलापूरला आलो आणि तिशीच्या आत मिस्त्री झालो. जरा लवकरच झालो असं आता वाटतं. हाताला काम येतं तेवढ्या लवकर अक्कल येत नाही.

मंदी आली तेव्हा माझ्या हातात एकच मोठं काम होतं, पाठक मास्तरांच्या घराचं. मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे. मान खाली घालून चालणारा, हळू बोलणारा माणूस. कसब्यात भाड्याच्या दोन खोल्यांत ते राहत. पंधरा वर्षं पै-पैसा मागं टाकून त्यांनी गावाच्या कडेला जागा घेतली होती. दिवाळीनंतर आम्ही पाया खणला, दगड भरला आणि संक्रांतीच्या सुमाराला जोतं वर आलं. जोतं म्हणजे जमिनीच्या वर कमरेइतका उचललेला दगडी चौथरा. त्यावर मग भिंती उभ्या राहतात. सागवान स्वस्त झालं होतं, म्हणून माझ्याच सांगण्यावरून मास्तरांनी माळवदाच्या छपरासाठी तुळया आधीच विकत घेऊन घरी नेऊन ठेवल्या होत्या.

जोत्याची शेवटची दगडी चीप बसवली त्या दिवशी संध्याकाळी मास्तर आले. चौथऱ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मिस्त्री, काम छान झालंय. पण सध्या इथंच थांबू या."

मला वाटलं दोन-चार दिवस म्हणतायत. "थांबू म्हणजे किती, मास्तर?"

"ते आत्ता सांगता येत नाही. दिवस बरे नाहीत. हातचा पैसा हातात असलेला बरा."

"अहो, पण हेच तर बांधायचे दिवस आहेत! चुना स्वस्त, दगड स्वस्त, मजुरी निम्म्यावर आलीय. पुन्हा असा भाव मिळायचा नाही."

"तुमचं खरं आहे," मास्तर म्हणाले. "तरीही थांबू या." त्यांनी आमचा हिशेब जागच्या जागी चुकता केला आणि मान खाली घालून निघून गेले.

मला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवसापासून अकरा माणसं रिकामी. या माणसाला दरमहा सरकारी तिजोरीसारखा पगार आहे, पेटीत पैसा आहे, आणि तो त्याच्यावर बसून राहणार, असं मला वाटलं. मी ते मनात ठेवलं नाही. चारचौघांत म्हणत सुटलो, "सोलापुरातला सगळ्यात महागडा ओटा बघायचाय? मास्तरांचं जोतं बघून या." लोक हसायचे. त्यांना 'ओटा मास्तर' हे नाव मीच पाडलं. शाळेतल्या पोरांपर्यंत ते पोचलं, हे मला नंतर कळलं.

त्या रिकाम्या दिवसांत आम्ही गंगाक्काच्या खानावळीत जाऊन बसायचो. गिरणीच्या चाळीजवळ भाड्याच्या पत्र्याच्या शेडात तिची खानावळ होती. गंगाक्का लिंगायत, अक्कलकोटकडची. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. वीस-बावीस वर्षं तिनं गिरणीतल्या एकट्या माणसांना भाकरी, झुणका आणि शेंगाची चटणी वाढली होती. अंगानं आडवी, आवाज खणखणीत, मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरायची ते तिचं तिला कळायचं नाही. कुणी आत आलं की पहिला शब्द "ऊटा?" म्हणजे जेवण झालं का. उत्तराची वाट न बघता ती ताटली पुढं सरकवायची.

एका दुपारी माझ्यासमोर ताटली ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"मिस्त्री, मला घर बांधायचं हाय."

मी घास तसाच धरून बघत राहिलो. शेडात वीस माणसांच्या जागी सहा बसली होती, त्यांतले तिघं उधारीवर.

"आत्ता, अक्का? गिरणी चालंना. गिऱ्हाईक तुटलंय तुमचं."

"म्हणून तर आत्ता. दोन खोल्या आणि म्होरं माणसं जेवायला बसवायला एक उघडा सोपा. जागा घेऊन ठिवलीया मी."

"दोन वर्षं दम धरा की. असला नसला पैसा दगडात घालून बसलात आणि आजारपण आलं तर?"

गंगाक्का खाली बसली. आवाज हळू केला. "त्या पोरांकडं बघ," ती म्हणाली. उधारीवर जेवणारे तिघं पलीकडे भिंतीला टेकून बसले होते. "माझा हात थांबत न्हाय रे अप्पा. दारात उपाशी माणूस आला की मी वाढते. उद्या तीनाचे तीस व्हतील. पेटीत पैसा हाय तवर मी वाढत ऱ्हाणार, आणि वरीसभरात पेटी रिकामी. मग त्येंनाबी न्हाय आणि मलाबी न्हाय. दगडात घातला तर मला त्यो काढताच यायचा न्हाय. छप्पर माझं झालं, भाडं सुटलं, तर त्या भाड्याच्या पैशात मी धा माणसं तरी जगवीन."

मी बऱ्याच शहाण्या माणसांकडून पैशाविषयीची बोलणी ऐकली आहेत. खर्चावं की साठवावं, यावर लोक वाद घालतात तेव्हा त्यांना दगड, सोनं, पेढी यांचे भाव माहीत असतात. स्वतःचा हात कसा आहे हे ओळखून ठरवणारी मला तीच एक भेटली.

तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी तिला थांबायला एकदाच सांगितलं. पुन्हा सांगितलं नाही. अकरा माणसं घरी बसलेली होती आणि तिनं खरंच ऐकलं तर काय, ही भीती मला होती.

चार दिवसांनी तिचा भाऊ शिवण्णा अक्कलकोटहून आला. कुणीतरी त्याला कळवलं असणार. आम्ही जागेवर दोरी धरून पायाची आखणी करत होतो. तो सरळ दोरीवर येऊन उभा राहिला.

"अक्का, बेडा! नको म्हणतो मी. पैसा हातात ठेवायचे दिवस हायत. ह्यो मिस्त्री सोताच्या पोटासाठी तुला बुडवतुया."

मी आखणीची खुंटी ठोकत राहिलो. त्यात थोडं खरं होतंच.

गंगाक्का म्हणाली, "शिवण्णा, माझी पेटी माझ्याकडं न राहता तुझ्याकडं ऱ्हावी असं तुला वाटतंय का?"

शिवण्णाचं तोंड पडलं. तो दोरीवरून बाजूला झाला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

महाशिवरात्र झाली आणि आम्ही कुदळ मारली. करार असा होता की मजुरी चालू भावानं आणि दुपारचं जेवण तिच्याकडून. टोळीतली माणसं त्या जेवणावर खूष होती. आमचा सुतार दस्तगीर तर म्हणायचा, "मिस्त्री, काम आहिस्ता करो ना. ऐसी चटणी हौर कां मिलती?"

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सोलापूरकडची जमीन वरून काळी, फुगणारी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. तिच्यावर भिंत उभी करता येत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि त्यावर पाया घ्यायचा. मुरूम किती खोल आहे हे आधी खड्डे घेऊन बघतात, आणि खर्चाचा अंदाज त्यावर ठरतो. जागेच्या चारी कोपऱ्यांत खड्डे घ्यावेत, असं वडिलांनी मला शिकवलं होतं. मी एकाच कोपऱ्यात घेतला. तिथं मुरूम कमरेइतक्या खोलीवर लागला आणि मी तेवढ्यावर अंदाज देऊन मोकळा झालो. काम मिळवायची घाई होती.

मागच्या बाजूला खणायला लागलो तर मुरूम लागेचना. कधीकाळी कुणी तिथली माती काढून नेली होती आणि खड्डा भरावानं बुजवला होता. माणूस उभा बुडेल इतकं खाली गेलो तेव्हा कुठं कुदळ खणकन वाजली. तेवढा सगळा खड्डा दगडानं भरून काढायचा होता. गंगाक्काचे पैसे जमिनीखाली चालले होते.

ती दुपारी भाकऱ्यांची पाटी घेऊन यायची. खड्ड्यात वाकून बघायची. "एवढं खोल लागतंय व्हय?"

"पाया पक्का घेतोय, अक्का," मी म्हणायचो.

पुढं निभावून नेऊ, दगडात थोडे वाचवू, मजुरीत थोडे वाचवू, असं मी स्वतःला सांगत राहिलो. वाचलं काहीच नाही. चैत्र संपता संपता भिंती उभ्या राहिल्या आणि तुळयांसाठी पैसे मागायला गेलो, तेव्हा गंगाक्कानं पेटी उघडून माझ्यासमोर ठेवली. तळाला होतं त्यात माळवदाचं सागवान येणं शक्य नव्हतं. मग मला सगळं सांगावं लागलं.

तिनं पेटी बंद केली आणि म्हणाली, "भिंती अशाच ठिवल्या तर?"

खोटं बोलायची आता सोय नव्हती. घराचं काम जोत्यावर थांबवलं तर दहा वर्षंसुद्धा चालतं, दगडाला काही होत नाही. पण उघड्या भिंतीवर थांबवता येत नाही. आमच्या भिंती बाहेरून दगडाच्या आणि आत मातीच्या गाऱ्याच्या. माथ्यावर छप्पर नसेल तर पाणी आत उतरतं, गारा वाहून जातो आणि भिंत पोट काढते.

"पावसाळ्यानंतर निम्म्या उतरवाव्या लागतील," मी म्हणालो.

"पाया खणताना तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग तवाच का सांगितलं न्हाईस?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी एक खोली कमी केली असती. एवढंच! घर माझं, पैसा माझा, आणि ठरवलंस तू?"

टोळीतली माणसं ऐकत होती. मी मान वर केली नाही. मजुरांच्या, मालकांच्या खूप शिव्या खाल्ल्या आयुष्यात, पण त्या एका प्रश्नाइतकं मला काही लागलं नाही. आजही लागतं.

काम थांबलं. मृगाला जेमतेम पाच आठवडे उरले होते. दस्तगीर दोन दिवस माझ्या आसपास घोटाळत होता. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, मास्तर के घर में सागवान पड्या है ना. पूछके तो देखो."

ते मलाही सुचलं होतं. पण ज्या माणसाची गावभर टवाळी केली त्याच्या दारात कसं जायचं? शेवटी गेलो. गंगाक्काही सोबत आली. ती म्हणाली, "तू पुन्हा काहीतरी अर्धं सांगशील."

पाठक मास्तरांच्या ओसरीवर पाऊल ठेवलं आणि मी तिथंच थबकलो. भिंतीकडेला त्या सागाच्या तुळया रचलेल्या होत्या, वर गोणपाट अंथरलेलं आणि त्या गोणपाटावर पाच मुलं रांगेत बसून पाढे म्हणत होती. मास्तरांची मुलं दोन, हे मला माहीत होतं. आतल्या खोलीत आणखी एक बाई आणि भिंतीकडे तोंड करून निजलेला एक माणूस दिसला.

"माझा धाकटा भाऊ," मास्तर हळूच म्हणाले. "गिरणीच्या कचेरीत होता. संक्रांतीच्या आधी कमी केलं त्याला. आमचाही पगार कापलाय यंदा. म्हणून तेव्हा काम थांबवलं. आत्ता नऊ माणसं आहोत इथं."

"मास्तर, मला बोलला असतात तर..."

"त्याच्या नोकरीची गोष्ट मी कशी चारचौघांत सांगणार? मनानं खचलाय तो." मास्तरांनी आतलं दार ओढून घेतलं. "तुम्ही मला काय म्हणता ते मला माहीत आहे, मिस्त्री. मुलं हसतात वर्गात. हरकत नाही. बसा."

मी बसलो नाही. बसवेना. हात जोडले, "चुकलं," एवढाच शब्द तोंडातून निघाला. ते म्हणाले, "कामाचं बोला."

गंगाक्कानं सगळं सांगितलं. माझी चूकसुद्धा सांगितली, पण एकाच वाक्यात. मास्तरांनी ऐकलं, आत जाऊन बायकोशी बोलले आणि बाहेर आले. "तुळया घेऊन जा," ते म्हणाले. "आमचं घर आता इतक्यात व्हायचं नाही. लाकूड किती दिवस असं पडू द्यायचं?"

मग जे सुरू झालं तसलं भांडण मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. मास्तर म्हणायचे, लाकडाचे भाव आणखी उतरलेत, मी आजचाच भाव घेईन, जास्त घेतलं तर ते पाप. गंगाक्का म्हणायची, तुमी घेतलं त्याच भावानं देणार, तुमच्या अडचणीवर मला घर नको. विकणारा कमी मागतोय, घेणारी जास्त देतेय, आणि दोघांचाही आवाज चढलेला. पाढे थांबले. मुलं टकमक बघत राहिली.

शेवटी मास्तर म्हणाले, "बाई, पण तुमच्याजवळ पैसे तर नाहीत म्हणता. मग भाव कशाचा करता?"

गंगाक्काला हसू आलं. "पैसा न्हाय. पर माझ्या पेवात ज्वारी हाय. खानावळीसाठी दरसाल भरते. औंदा लई स्वस्त मिळाली म्हणून दुप्पट भरलीया, आणि खाणारी निम्मी झाली. तुमच्याकडं नऊ ताटं हायत. म्हैन्याला पोतं पाठवीन. तुमी घेतलेला भाव फिटंपत्तोर."

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. त्यांनी मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. गंगाक्काला म्हणाल्या, "ज्वारी मालदांडी आहे ना?"

"मालदांडीच."

"मग चालेल," काकू म्हणाल्या आणि व्यवहार ठरला.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं बैलगाडी आणली. ओसरीवरून तुळया उचलल्या तेव्हा मुलांची बसायची जागा गेली, म्हणून धाकटी रडायला लागली. दस्तगीरनं तिथल्या तिथं उरल्या फळीचं एक बाकडं ठोकून दिलं.

पुढचे पंचवीस दिवस आम्ही राबलो ते आठवलं की अजून हुरूप येतो. वरून वैशाखाचं ऊन आणि पावसाची धास्ती. तुळया चढवल्या, त्यांवर फळ्या, फळ्यांवर काटक्यांचा थर, त्यावर पांढऱ्या मातीचा गिलावा. याला आमच्याकडे माळवद म्हणतात. ती माती ओली करून लाकडी चोपण्यांनी बडवावी लागते, दोन-तीन दिवस, एकसारखी. त्यासाठी माणसं कमी पडत होती. सकाळी जाऊन बघतो तर खानावळीत उधारीवर जेवणारे ते तिघं आणि त्यांच्यासारखे आणखी दहाबारा गिरणी कामगार चोपण्या घेऊन वर उभे. मी म्हणालो, "मजुरी द्यायला पैसे न्हाईत हां." एकजण म्हणाला, "आमी मागितली का? अक्कानं जेवणाचे पैसे मागितले होते का?"

माझी त्या कामातली मजुरी मी घेतली नाही. कुणाला सांगितलंही नव्हतं. गंगाक्काच्या ते लक्षात आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस." तिनं नको-नको केलं असतं तर मला बरं वाटलं नसतं.

मृगाच्या आधी पाच दिवस घरभरणी झाली. शिवण्णा अक्कलकोटहून आला. जेवला, भिंतीवर हात फिरवून बघितला आणि जाताना मला म्हणाला, "काम बरं हाय." बहिणीसाठी त्यानं इरकल लुगडं आणलं होतं.

गिरण्या पूर्ववत चालायला आणखी दोन-अडीच वर्षं लागली. तेवढ्या काळात चाळीजवळच्या तीन खानावळी मोडल्या. गंगाक्काची चालली, कारण तिला भाडं नव्हतं. मागची खोली तिनं एका विणकर कुटुंबाला दिली. ते घरात तेलुगू बोलत, ही कानडी बोले, आणि दोघांची भांडणं मराठीत व्हायची. तिच्या पंगतीला दहा-बारा उधारीची पोरं कायम असत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी नंतर पैसे दिले, काहींनी दिले नाहीत. मास्तरांच्या घरी दरमहा ज्वारीचं पोतं मात्र चुकलं नाही. गंगाक्का आपल्या घरात पुढं सोळा वर्षं जगली.

आणि मास्तर? भावाला पुढं मिरजेकडे नोकरी लागली, तो बिऱ्हाड घेऊन गेला. पण तोवर घरासाठी साठवलेलं नऊ तोंडांत संपलं होतं. मग मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण. निवृत्त व्हायच्या वर्षी त्यांनी ती जागा विकली. किंमत सांगायला मला बोलावलं होतं. नवा मालक सुखवस्तू माणूस होता. मास्तर कागदावर सही करून शांतपणे उठले.

परत येताना ते मला घरी चहाला घेऊन गेले. तेच कसब्यातलं भाड्याचं घर. मी धीर करून विचारलं, "मास्तर, तेव्हा बांधलं असतं तर, असं वाटतं का हो कधी?"

"मला नाही वाटत," ते म्हणाले. "भाऊ सावरला. पैसा त्यासाठीच असतो."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "यांना वाटत नाही. मला वाटतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जोत्यावर खडूनं घर आखून दाखवलं होतंत मला. स्वयंपाकघराला पूर्वेकडे खिडकी होती. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. मी शेकडो घरं आखली. काकूंना मात्र कुठल्या चिपेवर खडूची रेघ होती तेही आठवत होतं. मी कप ठेवायला आत गेलो. दिवसा दुपारी आत काळोख होता. तीन बाजूंनी भिंती, धुरानं काळ्या झालेल्या, आणि उजेड काय तो ओसरीच्या दारातून येईल तेवढा.

घरमालक दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याच्याकडे जाऊन मी परवानगी मागितली. तो म्हणाला, खर्च माझ्यावर नको. मी म्हणालो, तुमच्यावर नाही.

पुढच्या रविवारी मी आणि दस्तगीर हत्यारं घेऊन गेलो. दोघांचेही केस पिकले होते. जुनी भिंत जपून फोडावी लागते. वरचा भार आधी लाकडावर तोलून धरायचा आणि मग एकेक दगड काढायचा. सकाळी स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या भिंतीला सुरुवात केली. दहाच्या सुमाराला पलीकडचा शेवटचा दगड निघाला आणि उन्हाचा एक पट्टा सरळ चुलीवर पडला. दस्तगीरनं चौकट बसवली, मी कडेनं चुना भरला. मास्तर ओसरीवर नुसते येरझाऱ्या घालत होते.

काकू आत आल्या. ओल्या चौकटीला हात न लावता वाकून त्यांनी बाहेर पाहिलं. मागच्या गल्लीत कुणाच्या तरी परड्यात मोठा कडुलिंब होता आणि तो फुलांनी भरला होता.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "दर चैत्रात वास यायचा. झाड कुठं आहे ते आज दिसलं."